'पॅकिंग' : न दिसणाऱ्या आधाराची गोष्ट

मुंबईतील कोणत्याही गर्दीच्या रेल्वे स्थानकावर स्वच्छतागृहाबाहेर दोन पाट्या असतात. आपल्यापैकी बहुतेकांना त्या वाचाव्याही लागत नाहीत. पावले सवयीने आपापल्या दिशेला वळतात. परंतु जन्माच्या वेळी ज्याची नोंद 'मुलगी' अशी झाली आणि जो स्वतःला पुरुष म्हणून ओळखतो, अशा तरुणासाठी त्या दोन दारांपुढचा क्षण साधा नसतो. बायकांच्या रांगेत त्याच्या दाढीकडे पाहून आरडाओरडा होण्याची भीती असते. पुरुषांच्या बाजूला गेले, तर कोणाची तरी नजर खाली वळेल आणि 'काहीतरी वेगळे आहे' हे कळेल, ही धास्ती असते. ही धास्ती थोडी कमी व्हावी, अंगावरची पॅन्ट इतर पुरुषांसारखी बसावी आणि आपल्याच शरीराशी चाललेला झगडा दिवसापुरता तरी थांबावा, यासाठी जगभरातील अनेक पारलिंगी पुरुष एका साध्या उपायाचा आधार घेतात. त्याला 'पॅकिंग' असे म्हणतात.

प्रवासाची बॅग भरणे, एवढाच या शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊक असतो. येथे तो निराळ्या अर्थाने वापरला जातो. अंतर्वस्त्राच्या आत पुढच्या बाजूला मऊ वस्तू ठेवून पुरुषी शरीराचा स्वाभाविक उंचवटा निर्माण करणे, म्हणजे पॅकिंग. ऐकताना हा विषय अनेकांना संकोचाचा, काहींना थट्टेचा वाटेल. परंतु ज्यांच्या आयुष्याशी तो निगडित आहे, त्यांच्यासाठी त्यात थट्टेसारखे काही नाही.

कोण आणि कशासाठी?

'तृतीयपंथी' हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर हिजडा समाजातील व्यक्ती उभी राहते. जन्मतः स्त्री म्हणून नोंद झालेले, पण पुरुष म्हणून जगू पाहणारे पारलिंगी पुरुष आपल्या सार्वजनिक चित्रात फारसे नसतातच. त्यांच्याबरोबरच 'नॉन-बायनरी' म्हणवणाऱ्या व्यक्तीही आहेत. 'स्त्री' आणि 'पुरुष' या दोन्ही चौकटींत आपण पूर्णपणे बसत नाही, असा त्यांचा अनुभव असतो. पॅकिंग करणाऱ्यांमध्ये या दोन्ही गटांतील व्यक्ती आढळतात. पारलिंगी पुरुषांतील काही जण रोज करतात, काही कधीच करत नाहीत. नॉन-बायनरी व्यक्तींमध्ये कोणी एखाद्या दिवशी करते आणि दुसऱ्या दिवशी तिला त्याची गरज वाटत नाही. पॅकिंग केले म्हणून कोणी अधिक पुरुष ठरत नाही आणि न केल्याने कमीही ठरत नाही.

यामागची कारणे एकाहून अधिक आहेत. पहिले कारण मानसिक स्वास्थ्याचे. आपली लिंगओळख आणि आपले शरीर यांचा मेळ न बसल्याने होणारा त्रास वैद्यकशास्त्राला परिचित आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून अमलात आलेल्या आजारांच्या वर्गीकरणात 'लिंगभाव-विसंगती' मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवण्यात आली. म्हणजे असे असणे हा वेड लागण्याचा प्रकार नाही, हे मान्य झाले. त्याच वेळी अशा व्यक्तींना वैद्यकीय साह्याची गरज भासू शकते, हेही मान्य राहिले. हे साह्य नेहमी औषधाच्या किंवा शस्त्रक्रियेच्या रूपातच असते असे नाही. पारलिंगी व्यक्तींच्या आरोग्यावर काम करणाऱ्या 'डब्ल्यूपाथ' या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ च्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत औषध आणि शस्त्रक्रिया यांखेरीजच्या उपायांची यादी दिली होती. छाती सपाट दिसावी म्हणून बांधण्याबरोबरच कृत्रिम लिंगाच्या वापराचाही तिच्यात समावेश होता.

दुसरे कारण अगदी व्यावहारिक आहे. पुरुषांचे कपडे पुरुषी शरीराच्या मापाने शिवलेले असतात. पॅन्टचा पुढचा भाग रिकामा राहिला की ती विचित्र बसते. तिसरे कारण सुरक्षिततेचे. पुरुषांच्या डब्यात, वसतिगृहात, व्यायामशाळेत किंवा कामाच्या ठिकाणी वावरताना 'ओळखले जाणे' हा काहींसाठी केवळ लाजेचा नव्हे, तर मार खाण्याचा, नोकरी गमावण्याचा प्रश्न असतो.

आणि चौथे कारण बहुधा सर्वांत कमी बोलले जाते. ते आहे आनंदाचे. आरशासमोर उभे राहिल्यावर 'हा मीच' असे प्रथमच वाटणे, ही साधी गोष्ट नव्हे. ज्यांना हे रोज फुकट मिळते, त्यांना त्याची किंमत कळणे अवघड असते.

मोज्यापासून सिलिकॉनपर्यंत

पॅकिंगचे सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त साधन म्हणजे गुंडाळलेला सुती मोजा. कापूस किंवा स्पंज भरलेली छोटी कापडी पिशवीही चालते. ती जागेवर राहावी म्हणून घट्ट अंतर्वस्त्र लागते. क्रीडा साहित्याच्या दुकानात सहज मिळणारा, आपल्याकडे व्यायामपटू आणि क्रिकेटपटू वापरतात तो 'सपोर्टर' येथे उपयोगी पडतो. दुकानदाराला काही सांगावे लागत नाही, ही त्यातली मोठीच सोय.

यापुढची पायरी म्हणजे तयार 'पॅकर'. ही मऊ, पुरुषी अवयवासारख्या आकाराची वस्तू सिलिकॉनची किंवा रबरासारख्या लवचीक पदार्थाची बनवलेली असते. ती आत खिसा असलेल्या खास अंतर्वस्त्रात किंवा कमरेला बांधायच्या पट्ट्यात ठेवतात. काही जण त्वचेला चालणाऱ्या वैद्यकीय डिंकाने ती चिकटवतात. नवखा माणूस बहुधा मोठा आकार निवडतो आणि मग दिवसभर अवघडून बसतो. शांत अवस्थेतील पुरुषी अवयव लहानच असतो. त्यामुळे लहान आणि मऊ पॅकर अधिक स्वाभाविक दिसतो, हे अनुभवी मंडळी आवर्जून सांगतात.

तिसरा प्रकार उभ्याने लघवी करता यावी यासाठी असतो. त्यात नळीसारखी किंवा पन्हळीसारखी रचना असते. हे साधन सराव न करता बाहेर वापरले, तर कपडे ओले होण्याची फजिती ठरलेली. म्हणून पहिले काही दिवस घरी न्हाणीघरात सराव करावा लागतो. काही साधने लैंगिक संबंधांसाठीही वापरता येतात, हे खरे आहे. परंतु रोजच्या पॅकिंगचा त्या गोष्टीशी संबंध नसतो. चष्मा लावणारा माणूस जसा दुसऱ्याला दाखवण्यासाठी तो लावत नाही, तसेच हे आहे.

तीनशे वर्षांपूर्वीचा एक पुरावा

हे सारे आजकालचे, पाश्चात्त्य फॅड आहे, असा आक्षेप घेतला जातो. त्यातील 'आजकालचे' हा भाग इतिहासाला मान्य नाही. प्रशियातील हाल्बरश्टाट या गावी १७२१ मध्ये कॅथरिना मार्गारेटा लिंक नावाच्या व्यक्तीचा शिरच्छेद करण्यात आला. जन्माने स्त्री असलेल्या लिंकने पुरुषाच्या वेषात अनेक वर्षे काढली, सैन्यात नोकरी केली आणि १७१७ मध्ये एका स्त्रीशी विवाह केला. लिंककडे चामड्याचे, आत भरण घालून शिवलेले कृत्रिम लिंग होते आणि लघवीसाठी चामड्याने मढवलेले एक शिंगही होते. ही वस्तू सासूच्या हाती लागली, तिने ती न्यायालयात नेली, आणि तोच खटल्यातील पुरावा ठरला.

लिंकला आजच्या भाषेत काय म्हणावे, हे तीन शतकांनंतर आपण ठरवू शकत नाही. त्या काळी पुरुषाचा वेष घेणाऱ्या स्त्रियांना त्यामागे रोजगाराची, प्रवासाची, प्रेमाची अशी अनेक कारणे होती. पण एवढे निश्चित की, गरजेपोटी हाताने घडवलेली अशी वस्तू तेव्हाही होती आणि तिचा अर्थ 'फसवणूक' असाच लावला गेला. तो अर्थ आजही पुरता पुसला गेलेला नाही.

विसाव्या शतकात शस्त्रक्रियेचा मार्ग खुला झाला. त्या इतिहासातील एका माणसाची कहाणी भारतात येऊन संपते. १९१५ मध्ये जन्मलेले मायकल डिलन हे ब्रिटिश डॉक्टर. त्यांनी १९३९ पासून पुरुषी संप्रेरक घेण्यास सुरुवात केली आणि १९४४ मध्ये आपल्या जन्मनोंदीत दुरुस्ती करून घेतली. पुढे प्रसिद्ध प्लास्टिक सर्जन सर हॅरॉल्ड गिलीज यांनी १९४६ ते १९४९ या काळात त्यांच्यावर पुरुषी अवयव घडवण्याची शस्त्रक्रिया केली. ती एका बैठकीत झाली नाही. त्यासाठी १३ शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. १९५८ मध्ये वृत्तपत्रांनी त्यांचे पूर्वायुष्य उघड केले, तेव्हा जहाजावर डॉक्टर म्हणून काम करणारे डिलन भारतात निघून आले. त्यांनी बौद्ध धर्माचा अभ्यास केला, लडाखमधील रिझोंग मठात काही काळ घालवला आणि १९६२ मध्ये डलहौसी येथे त्यांचे निधन झाले.

डिलन यांच्या १३ शस्त्रक्रिया येथे आठवण्याचे कारण आहे. संप्रेरकांमुळे दाढी येते, आवाज घोगरा होतो, स्नायू भरतात. पण पुरुषी अवयव तयार होत नाही. तो घडवण्याची शस्त्रक्रिया आज पूर्वीपेक्षा प्रगत असली, तरी ती अजूनही गुंतागुंतीची, बहुधा टप्प्याटप्प्याने होणारी आणि खर्चीक आहे. ती सर्वांना परवडत नाही, सर्वांच्या प्रकृतीला मानवत नाही, आणि अनेकांना ती हवीही नसते. अशा वेळी काही शेकड्यांचा सपोर्टर आणि एक मोजा, किंवा एक पॅकर, हाच पर्याय उरतो. शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्यासाठी तो मधला पूल असतो, तर शस्त्रक्रिया न करू इच्छिणाऱ्यासाठी तो कायमचा मुक्काम.

व्यावहारिक माहिती मात्र दीर्घकाळ हस्ते-परहस्तेच फिरत राहिली. सॅन फ्रान्सिस्कोत राहणारे पारलिंगी कार्यकर्ते लू सलिवन (१९५१-१९९१) यांनी १९८० मध्ये पारलिंगी पुरुषांसाठी पुरुष म्हणून कसे वावरावे याची माहिती देणारी पुस्तिका काढली आणि १९८६ मध्ये अशा पुरुषांचा एक गट उभा केला. 'हे करणारा जगात मी एकटाच नाही', हे वाचकाला कळणे, हाच अशा पुस्तिकांचा मोठा उपयोग होता.

घाम, घामोळे आणि काळजी

छाती घट्ट बांधण्याच्या तुलनेत पॅकिंगचे शारीरिक धोके कमी आहेत. छाती बांधणाऱ्या सुमारे १,८०० व्यक्तींच्या एका पाहणीत ९७ टक्क्यांहून अधिक जणांनी दुखणे, धाप लागणे, त्वचेचे विकार यांपैकी किमान एक त्रास झाल्याचे सांगितले होते. पॅकिंगमध्ये श्वासाचा किंवा बरगड्यांचा प्रश्न येत नाही. परंतु मुंबई, कोकण, गोवा यांसारख्या दमट हवेत जांघेतील त्वचेचा प्रश्न नक्की येतो. घाम साचून घामोळे येणे, त्वचा घासली जाऊन सोलवटणे, नायट्यासारखा बुरशीजन्य संसर्ग होणे, हे त्रास टाळण्यासाठी थोडी शिस्त लागते.

वापरलेला मोजा रोज बदलावा. पॅकर सौम्य साबणाने आणि कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करावा. शुद्ध सिलिकॉनला छिद्रे नसल्याने ते नीट स्वच्छ होते. लवचीक रबरासारख्या स्वस्त पदार्थाला सूक्ष्म छिद्रे असतात, ते पूर्णतः निर्जंतुक होत नाहीत. असा पॅकर चिकट होऊ लागल्यास त्यावर मक्याच्या पिठाची हलकी पूड लावतात. लघवीसाठी वापरायचे साधन प्रत्येक वापरानंतर धुणे आवश्यक असते. डिंक वापरण्यापूर्वी तो हातावर थोडा लावून त्वचेला सोसतो की नाही, हे पाहावे. रात्री झोपताना पॅकर काढून त्वचेला हवा लागू द्यावी. खाज, लाली किंवा जखम दिसल्यास काही दिवस वापर थांबवून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.

हे शेवटचे वाक्य लिहायला सोपे आणि पाळायला अवघड आहे. कारण डॉक्टरला त्रासाचे खरे कारण सांगावे लागते, आणि कपाळावर आठी न आणता ते ऐकून घेणारा डॉक्टर मिळेलच याची खात्री नसते. परिणामी साधा नायटा महिनोन्महिने अंगावर काढला जातो.

तपासणीच्या रांगेत

पॅकिंग केलेल्या व्यक्तीसाठी सर्वांत कसोटीची जागा म्हणजे विमानतळावरील सुरक्षा तपासणी. अमेरिकेतील विमानतळांवर संपूर्ण शरीराची प्रतिमा घेणारी यंत्रे आली, तेव्हा कर्मचाऱ्याला प्रवासी पाहून 'स्त्री' किंवा 'पुरुष' असे बटण दाबावे लागे. यंत्र त्यानुसार शरीराची अपेक्षित ठेवण ठरवी आणि तिच्याबाहेरचे काही दिसले की इशारा देई. पारलिंगी प्रवासी त्यामुळे वारंवार बाजूला घेतले जात. हे बटणच लागू नये अशी सुधारणा करण्यात येईल, अशी घोषणा तेथील यंत्रणेने २०२२ मध्ये केली.

भारतात प्रश्न निराळ्या वाटेने येतो. आपल्याकडे हाताने झडती घेण्याची पद्धत रुळलेली आहे आणि स्त्रियांसाठी पडद्याआड वेगळी व्यवस्था असते. सिलिकॉन धातुशोधक यंत्राला कळत नाही. हाताला मात्र कळते. ओळखपत्रावर एक लिंग, चेहऱ्यावर दुसरे आणि अंतर्वस्त्रात तिसरेच काही, असा जवानाचा समज झाला की चारचौघांत प्रश्नोत्तरे सुरू होतात. अनेक जण म्हणूनच प्रवासाच्या दिवशी पॅकर सामानात ठेवतात आणि तपासणी झाल्यावर स्वच्छतागृहात जाऊन घालतात. खरेदीचीही अडचण आहे. सीमाशुल्क खात्याच्या १९६४ च्या अधिसूचनेने 'अश्लील' वस्तूंच्या आयातीवर बंदी घातली. अश्लील म्हणजे काय, हे पार्सल उघडणाऱ्या अधिकाऱ्याच्या समजुतीवर सोडले गेल्याने परदेशातून मागवलेली अशी वस्तू अडकेल की सुटेल, याची धाकधूक मागवणाऱ्याला असते.

कायदा आणि शरीर

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी 'नाल्सा' खटल्यात दिलेला निकाल या संदर्भात महत्त्वाचा आहे. आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदा आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. मात्र २०१९ मध्ये संसदेने केलेल्या पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याने दोन पायऱ्या ठेवल्या. जिल्हाधिकाऱ्यांकडून 'पारलिंगी' असे ओळखप्रमाणपत्र आणि शस्त्रक्रियेनंतर 'पुरुष' किंवा 'स्त्री' असे सुधारित प्रमाणपत्र, अशी ती रचना होती. पारलिंगी समाजातील अनेकांनी या तरतुदीवर टीका केली. निकालाने मनाला दिलेले महत्त्व कायद्याने पुन्हा शरीराकडे नेले, हे त्या टीकेचे सार होते. पॅकिंग करणारा माणूस नेमका या फटीत उभा असतो. मनाने तो पुरुष असतो, वावरही पुरुषाचा असतो, पण कागद शस्त्रक्रियेचा दाखला मागतो.

'लेबिया' या मुंबईतील गटाने २०१३ मध्ये 'ब्रेकिंग द बायनरी' हा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मतः स्त्री म्हणून नोंद झालेल्या ५० व्यक्तींच्या मुलाखतींवर आधारलेल्या या अभ्यासात घर, शाळा आणि सार्वजनिक जागा येथील अनुभव नोंदवले आहेत. वेष, चालणे, बोलणे 'मुलीसारखे' नाही, एवढ्यावरून होणारा जाच घरापासूनच सुरू होतो, हे त्यातून दिसते.

कपाटात सापडलेली वस्तू

घराचा उल्लेख आला, तेव्हा एका प्रसंगाचा विचार करायला हवा. कपाट आवरताना आईच्या हाती ही वस्तू लागते. ती घाबरते, चिडते, रडते. तिला वाटते, मूल कोणत्यातरी वाईट नादाला लागले आहे. या क्षणी घरात जे बोलले जाते, त्यावर पुढची अनेक वर्षे अवलंबून असतात. हाल्बरश्टाटच्या सासूने ती वस्तू न्यायालयात नेली होती. आजच्या आईपुढे दुसरा मार्ग आहे. ती दार लावून घेऊन विचारू शकते, 'हे तुला कशासाठी लागतं, मला सांगशील का?'

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेली स्त्री कपड्यांच्या आत कृत्रिम स्तन वापरते. तिला आपण फसवी म्हणत नाही; तिचे दुःख आपल्याला समजते. बालगंधर्वांनी रंगभूमीवर साकारलेल्या स्त्रीचे तर महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या कौतुक केले. कपड्यांच्या आतला आधार आणि अंगावर पांघरलेले रूप या दोन्ही गोष्टी आपल्याला मुळात परक्या नाहीत. रंगमंचावरून उतरून कोणी त्याच रूपात आयुष्य जगू लागला, की मग मात्र आपण त्याच्याकडे पुरावा मागू लागतो.

कोणाच्या पॅन्टच्या आत काय आहे, हा प्रश्न आपण ओळखीपाळखीच्या माणसाला कधी विचारत नाही. पारलिंगी माणसालाही तो विचारू नये. स्वच्छतागृहाच्या रांगेत शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्याचे काम उरकून, नजर न चुकवता बाहेर पडता आले, तर ती त्याला मोठीच मदत होईल. त्यासाठी आपल्याला काहीही करावे लागत नाही. फक्त आपली नजर आवरावी लागते.